पर्सी ओल्डरॉइडचं इंजिन

एनिड ओल्डरॉइड सकाळपासून एका जागी म्हणून टेकली नव्हती. इंजिन पुसून झालं, पुन्हा पुसलं, मग फडकंच खराब आहे असं वाटून दुसरं आणलं आणि तिसऱ्यांदा पुसलं. दोन हात लांबीचं, गडद हिरव्या रंगाचं ते इंजिन छोटी इंजिनं बनवणाऱ्यांच्या क्लबच्या वार्षिक स्पर्धेत, तंबूतल्या लांब टेबलावर उभं होतं. त्याला खेळणं म्हणाल तर क्लबातली माणसं तुम्हाला बागेबाहेर काढतील. त्यात खरा कोळसा जळतो, खरी वाफ होते, आणि मागच्या वाघिणींवर बसलेली चांगली धष्टपुष्ट माणसं ते ओढून नेतं. मोठ्या इंजिनात आणि यात फरक फक्त मापाचा.

इंजिनासमोर एक पांढरं कार्ड होतं, आणि एनिडची सगळी तगमग त्या कार्डाची होती. क्लबचा सेक्रेटरी डेरेक याने त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं : निर्माता – पर्सी ओल्डरॉइड.

पर्सी म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन तीन हिवाळे झाले होते. इंजिन बनवलं होतं तिने.

आता अगदी काटेकोर बोलायचं तर सांगाडा, चाकं आणि सिलिंडर पर्सीचे. त्यात दुमत नाही, आणि एनिडने ते कधी नाकारलंही नसतं. पण बॉयलर, पाण्याच्या टाक्या, ड्रायव्हरची केबिन, नळ्यांचं सगळं जंजाळ आणि रंग, हे तिचं. लग्नात नवरदेवाची टोपी आणि बूट एकाने दिले आणि नवरदेव दुसऱ्याने, तर वरबाप कोण हे विचारायला नको. पण मिदरब्रिजच्या क्लबात ते विचारावं लागत होतं, कारण तिथली रीतच तशी होती.

रीत अशी, की एखादा सभासद इंजिन अर्धवट टाकून गेला तर चार मित्र मिळून ते पुरं करतात आणि त्याच्या नावाने एकदा रुळावर आणतात. टोप्या काढल्या जातात, विधवेच्या हातात चहाचा कप दिला जातो, आणि महिना उलटायच्या आत इंजिन विकलं जातं. रीत चांगलीच आहे. यॉर्कशरच्या माणसाला तोंडाने माया करता येत नाही, तो ती पान्याने आणि कानशीने करतो. फक्त या रीतीत विधवेने स्वतः कानस उचलण्याची सोय नव्हती. एनिडने मित्रांना सांगितलं, "मी बघते," तेव्हा त्यांना वाटलं, बाई दुःखात आहे. मग महिन्यामागून महिने तिच्या शेडमध्ये दिवा दिसत राहिला तेव्हा त्यांना वाटलं, बाई आवराआवर करते आहे. आणि पुरं झालेलं इंजिन तिने क्लबात आणलं तेव्हा सगळे म्हणाले, "पर्सीने जवळजवळ संपवलंच होतं म्हणायचं!"

"मिसेस ओल्डरॉइड," डेरेक तंबूत डोकावला. तरणा, गोल चेहऱ्याचा, सगळ्यांचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारा माणूस. अशी माणसं फार त्रास देतात. "चहाच्या टेबलावर बायका तुम्हाला विचारतायत. आधण ठेवलं नाही अजून कुणी."

"ठेवतील की. त्यांना काय हात नाहीत?"

"नाही, दरवर्षी तुम्हीच..."

"डेरेक, यंदा मला दुसरं आधण ठेवायचंय," ती इंजिनाच्या पोटावर फडकं आपटत म्हणाली. "आणि ते कार्ड. मी तुला दोनदा सांगितलंय."

डेरेकचा चेहरा पडला. "पण तुमचं नाव आतल्या पत्रकात आहे ना. 'श्रीमती ओल्डरॉइड यांच्या सहकार्याने.' आणि लोकांच्या मनात पर्सीच आहेत हो. त्यांचा तो बॉयलर! आम्ही सगळ्यांनी हात लावून पाहिलाय. असा बॉयलर आख्ख्या परगण्यात झाला नाही."

सगळी गोम त्या बॉयलरात होती आणि ती तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, असं ती समजून होती.

पर्सी क्लबचा बॉयलरगुरू. तांब्याचे पत्रे वाकवायचे, ते लालभडक तापवायचे आणि सांध्यांत चांदीचा डाख वाहू द्यायचा, हे काम अर्ध्या क्लबाला त्याने शिकवलं. एवढं मोठं तांबं तापवायला एक बर्नर पुरत नाही, दुसरा कुणीतरी धरावा लागतो. तो एनिड धरायची. पर्सीच्या प्रत्येक बॉयलरला, त्याने शिकवलेल्या प्रत्येकाच्या बॉयलरला दुसरा बर्नर एनिडचा. आग समोर, घाम डोळ्यांत, आणि बोलायची मुभा नाही. पण डोळे तर उघडे होते. डाख बाहेरच्या कडेला चमकला की पर्सी खूश होऊन ज्योत काढून घ्यायचा, आणि तिला दिसायचं की आतल्या अंगाला तांबं अजून तेवढं रसरसलेलं नाही. "अजून थोडं," ती म्हणायची. "तू बर्नर धर गं," तो म्हणायचा. जन्मभर हा संवाद झाला. पालथ्या घड्यावर पाणी.

तरी बहुतेक बॉयलर निभावले. शेवटचा निभावला नाही. त्यात पाणी भरून हातपंपाने दाब वाढवला, तेव्हा पंपावर एनिडच होती. काटा निम्म्यावर गेला आणि आत कोळसा जळतो त्या पेटीच्या सांध्यांतून पाणी पाझरायला लागलं, थेंब थेंब, शांतपणे. पर्सी बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. मग त्याने बॉयलर पुसला, रविवारी क्लबात नेला, टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "दुप्पट दाब दिला. ढिम्म हलला नाही." सगळ्यांनी त्या तांब्यावरून हात फिरवले. झाकली मूठ सव्वा लाखाची. परत येताना मोटारीत तो म्हणाला, "दुरुस्त करीन मी," आणि तिने मान डोलावली. त्या हिवाळ्यात त्याचं हृदय थांबलं.

तिने आधी दुरुस्तीच करून पाहिली. एक सांधा बुजवायला तापवला की दुसरा सुटायचा. शेवटी एका दुपारी तिने करवत घेतली आणि पर्सीचा बॉयलर मधोमध कापला. कापताना ती रडली हे खरं. पण त्याहून जास्त तिला संताप आला होता हेही खरं. एवढ्या वर्षांत एकदा तरी ऐकायचं होतं! मग तिने नवे पत्रे आणले आणि नवा बॉयलर केला. दुसरा बर्नर विटांच्या चवडीवर तारेने बांधला आणि "अजून थोडं, अजून थोडं" असं स्वतःलाच मोठ्यांदा सांगत तो पुरा केला. शेजारच्या गावचा तपासनीस आला, त्याने दुप्पट दाब दिला, आणि बॉयलर खरोखरच ढिम्म हलला नाही.

म्हणजे पेच असा होता. बॉयलर आपला आहे म्हणावं, तर पर्सीचा कुठे गेला हे सांगावं लागणार. नाही म्हणावं, तर आपण कोण? चहाचं आधण ठेवणारी बाई.

तंबूत आर्नल्ड सटक्लिफ आला आणि बोलणी थांबली. आर्नल्ड परीक्षक. पर्सीचा शाळेपासूनचा मित्र, काठीसारखा वाळका, हातात भिंग, खिशात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि काखेत ज्या खऱ्या इंजिनावरून हे केलं त्याचे जुने फोटो. लोक म्हणत, आर्नल्ड स्वर्गात गेला तर आधी दरवाज्याचे रिव्हेट मोजेल आणि मगच आत पाऊल टाकेल. तो दर मंगळवारी एनिडकडे चहाला यायचा, पर्सी होता तेव्हाही आणि गेल्यावरही, पण आज त्याने तिला ओळखसुद्धा दाखवली नाही. परीक्षेच्या दिवशी तो कुणालाच ओळखत नसे.

त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली. मग वाकला. फोटो बघ, इंजिन बघ, फोटो बघ. दिवे अडकवायचे आकडे पाहिले, पायऱ्या पाहिल्या, केबिनच्या खिडकीची कड नखाने चाचपली. खऱ्या इंजिनाला डाव्या टाकीवर कधीतरी ठिगळ मारलेलं होतं. ते इथेही आहे का, हे त्याने आरसा तिरका धरून पाहिलं. होतं. बॉयलरच्या माथ्यावरच्या वाफेच्या घुमटाला त्याने मापाचा चिमटा लावला, या बाजूने आणि त्या बाजूने. एनिडचं फडकं जागच्या जागी थांबलं. त्याने चिमटा खिशात टाकला आणि पुढे गेला.

"रिव्हेटांची ओळ सरळ आहे," तो कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. "पर्सीचा हात बारीक."

ती ओळ एनिडने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठोकली होती, प्रत्येक रिव्हेटाला शिव्या घालत. तिने फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. अंगावर झुरळ चढल्यासारखं तिला होत होतं आणि ते झटकता येत नव्हतं.

दुपारी रुळांवरची परीक्षा. बागेला वळसा घालून कमरेएवढ्या उंचीवर बांधलेला रूळ, आणि गिरणीच्या मागच्या भिंतीपाशी एक चढ. तिथे झाडांखाली रूळ कायम ओलसर, भल्याभल्या इंजिनांची चाकं तिथे जागच्या जागी फिरतात. इंजिनाला मोजून कोळसा देतात, मागे ओढ मोजायचा काटा लावलेली वाघीण जोडतात, तिच्यामागे माणसं बसवतात. किती कोळशात किती ओढलं, दाब टिकला की पडला, धापा सारख्या पडतात की इंजिन लंगडतं, हे सगळं आर्नल्ड पहिल्या वाघिणीवर बसून बघतो.

डेरेक हातमोजे चढवून इंजिनामागे तयारच बसला होता. गेलेल्याचं इंजिन क्लबचा सगळ्यात चांगला चालक चालवतो, हीही रीत.

"ऊठ," एनिड म्हणाली.

"अहो, चढावर फार नाजूक काम असतं..."

"डेरेक, या इंजिनाला भूक कधी लागते ते तुला माहीत आहे का? मला आहे. ऊठ."

मागे बसलेला गावचा खाटीक मोठ्यांदा हसला. "ऊठ बाबा, नाहीतर कोळशाबरोबर तुलाही घालेल." डेरेक उठला.

ती बसली, आणि गंमत म्हणजे दिवसभरात पहिल्यांदा तिचे हात शांत झाले. बोटभर फावड्याने तिने आगीवर कोळसा पसरला, पातळ, कोपऱ्यांकडे थोडा जास्त. वाफेचा दांडा हळूच ओढला. इंजिनाने एक खोल धाप टाकली, मग दुसरी, आणि मग चाकाच्या एका फेऱ्याला चार अशा सारख्या, एकसुरी धापांवर ते सुटलं. चढ आला. खाटकाने कपडे सावरले, आर्नल्डने काट्यावर डोळे लावले. झाडांखाली चाकं एकदा निसटली. तिने दांडा केसभर आत घेतला, चाकांनी रूळ धरला, आणि दाबाचा काटा होता तिथून जरासुद्धा हलला नाही. वर पोचताना बॉयलरवरच्या झडपेतून जादा वाफ फुस्स करून बाहेर पडली. चढावर वाफ जास्त होणं म्हणजे लग्नात जेवणं उरण्यासारखं. कुंपणाशी उभी असलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली.

"अरे, पर्सीचा बॉयलर तो!" कुणीतरी ओरडलं. "पर्सी बघतोय रे वरून!"

सगळ्यांनी टोप्या काढल्या.

एनिडला त्या क्षणी इंजिन सोडून सरळ चालत घरी जावंसं वाटलं. इंजिन जितकं झकास पळत होतं, तितकी तिची स्वतःची निशाणी पुसली जात होती. वाईट पळालं असतं तर म्हणाले असते, बाईने बिघडवलं. तिला पर्सीची भयंकर आठवण आली आणि पर्सीचा भयंकर राग आला, आणि दोन्हींतलं जास्त काय ते तिला ठरवता येईना. ती तशीच सगळे फेरे पुरे करून थांब्यावर आली.

इंजिन परत टेबलावर आलं. गरम तेलाचा वास, भोवती गर्दी. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती या क्लबाशिवाय कुठे होत असेल असं वाटत नाही. परीक्षक गुण लिहितो, पेन खाली ठेवतो आणि बनवणाऱ्याकडे कान करून विचारतो, "व्यंग?" व्यंग नाही असं इंजिन नसतं, आणि जे परीक्षकाच्या भिंगालाही सापडत नाही ते फक्त करणाऱ्याला ठाऊक असतं. ते त्याने परीक्षकाच्या कानात सांगायचं. त्याचे गुण कापत नाहीत आणि परीक्षक ते कुणाला सांगत नाही. क्लबातल्या सगळ्या इंजिनांची व्यंगं आर्नल्डच्या पोटात होती. पुरुषमाणसं बायकोपाशी बोलली नसतील असल्या गोष्टी त्याच्या कानात बोलून गेली होती.

आर्नल्डने गुण लिहिले. पेन खाली ठेवलं. मग त्याने एनिडकडे न बघता घसा साफ केला. "पर्सी नाही. तेव्हा ते राहू दे."

"हो, हो," डेरेक म्हणाला. "ते पर्सीबरोबर गेलं."

आर्नल्डने कागद गोळा करायला घेतले, पण फार सावकाश. एनिड गप्प बसली तर कार्ड कायमचं तसंच राहणार होतं. बोलली तर? हात दाखवून अवलक्षण, आणि तेही गेलेल्या नवऱ्याचं. एखादं किरकोळ व्यंग सांगून भागलं असतं. केबिनच्या छताखाली एक स्क्रू आखूड आहे, तो सांगता आला असता. पण ते तर डागडुजी करणाऱ्यालाही माहीत असतं.

"थांब, आर्नल्ड," ती म्हणाली.

ती टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. त्याच्या कोटाला कोळशाचा आणि पेपरमिंटचा वास येत होता.

"घुमट," ती कुजबुजली. "त्याच्याखालचं भोक बॉयलरात मध्यावर नाही. डावीकडे सरकलंय. आखलं बरोबर होतं, पण करवत फिरवताना पत्रा हलला. मग वरची टोपी मी मुद्दाम आतून तिरकी कातली, म्हणून बाहेरून सरळ दिसतं. तुझ्या चिमट्याला सापडलं नाही."

बॉयलरातलं भोक. ते फक्त बॉयलर करणाऱ्यालाच माहीत असणार. तिने काय सांगितलं ते तिला पुरतं कळत होतं.

आर्नल्डने गरम घुमटावर रुमाल टाकला, टोपी फिरवून काढली आणि आरसा आत धरला. बराच वेळ बघितलं. टोपी परत बसवली. मग इंजिनासमोरचं कार्ड उचललं, उलटं केलं आणि कोरी बाजू तिच्यासमोर ठेवून आपलं पेन तिच्या हातात दिलं.

"लिही."

"अहो, पण..." डेरेक पुढे झाला. "पर्सींचा बॉयलर..."

"डेरेक, परीक्षक कोण आहे?"

"तुम्ही."

"मग बघ जा, चहाचं आधण आलं का."

तिने तीन शब्द लिहिले. निर्माती – एनिड ओल्डरॉइड. पर्सीचं नाव आता टेबलाकडे तोंड करून खाली गेलं होतं, आणि तिला एकदम वाटलं की आपण त्याला दुसऱ्यांदा पुरलं. तिने आपल्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं : सांगाडा, चाकं व सिलिंडर – पर्सी ओल्डरॉइड. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला ते लिहिता आलं.

स्पर्धेचा कप शेजारच्या गावच्या एका माणसाने नेला. संध्याकाळी माणसं पांगली. इंजिन दोघांनी मिळून तिच्या मोटारीत ठेवलं, आणि आर्नल्ड दार धरून तिथेच घोटाळत राहिला.

"तुझ्या मागच्या दाराशी ती कुंडी आहे," तो म्हणाला. "तांब्याची. पॅन्सीची फुलं लावलीस ती."

एनिडने किल्लीवरचा हात काढला.

"आता आत घे ती. कडेला पर्सीचा शिक्का आहे. लोकांना आता प्रश्न पडायला लागतील."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"फुलं लावलीस त्या मंगळवारपासून. अर्ध्या कापलेल्या बॉयलरात कोण फुलं लावतं, बाई?"

"आणि इतके मंगळवार तू माझ्या घरी बसून चहा प्यालास? सकाळी माझ्यासमोर म्हणालास, पर्सीचा हात बारीक?" तिचा आवाज चढला. "वेडी झाले असते मी, आर्नल्ड!"

"मित्र होता तो माझा. त्याची मूठ मी कशी उघडणार? ते तुझ्याच हातात होतं. आज तू थांब म्हणाली नसतीस तर मी ते कागद अजून तास-दीड तास गोळा करत बसलो असतो."

तिला हसूही येईना आणि रडूही येईना. तिने किल्ली फिरवली. आर्नल्डने दार सोडलं नाही.

"माझा गुडघा ठणठणीत आहे," तो म्हणाला.

गेली कित्येक वर्षं आर्नल्डचं इंजिन शेडमध्ये चादरीखाली होतं. गुडघ्यामुळे रुळापाशी बसवत नाही, असं तो सांगायचा. त्याचा बॉयलर पर्सीने शिकवून करून घेतला होता. दुसरा बर्नर एनिडचाच. तिला ती दुपार आठवली, पर्सीची शीळ आठवली, आणि आतल्या अंगाचं ते न रसरसलेलं तांबं आठवलं. घरोघरी मातीच्या चुली.

"पाझरतो?"

"आतून. पर्सीला सांगायचा धीर झाला नाही. मग तो गेला, आणि मग कुणालाच सांगता आलं नाही." त्याने पहिल्यांदाच दिवसभरात तिच्याकडे सरळ पाहिलं. "मंगळवारी बघशील?"

"बघते," एनिड म्हणाली. "पण दुसरा बर्नर तू धरायचास. आणि मी सांगेपर्यंत काढायचा नाही."